रीग कुलरच्या हवेत ठेवू का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नागपुरात राहून स्कायडायव्हिंग करायचं म्हणजे वर्षातले साडेतीनशे दिवस जमिनीवरच जातात, आणि त्यावर एवढी पत्रं आली की मला दोन रविवार वाचायलाच लागले. सगळी इथे घेता आली नाहीत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत आणि पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका. नवीन वाचकांसाठी एवढंच: रीग म्हणजे जंपरच्या पाठीवरचा सगळा संच, अंगावरचे पट्टे (हार्नेस), छत्र्या ठेवायची पिशवी (कंटेनर), नेहमीची छत्री (मेन) आणि ती बिघडली तर दुसरी (रिझर्व्ह). छत्रीलाच कॅनॉपी म्हणतात, आणि जिथे जंप करतात तो ड्रॉपझोन, म्हणजे डीझेड.

ताई, जानेवारीत पहिली रीग घेतली, सेकंडहँड. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर डायरेक्ट स्लॅब, मे महिन्यात घराची भट्टी होते. रीग बेडरूममध्ये कुलरच्या हवेत ठेवली तर चालेल का? की बाल्कनीत चादर टाकून ठेवू?
— ए लायसन्सवाला, मानेवाडा

कुलरसमोर नको भाऊ, अजिबात नको. कुलर हवा गार करतो ती पाणी पाजून, म्हणजे तुमची रीग रात्रभर ओल्या हवेत बसणार, आणि नायलॉनला आपल्या घरातल्या उकाड्यापेक्षा ओल जास्त खाते, बुरशी धरते, हँडलच्या केबलवर आणि लोखंडी भागांवर डाग येतात. बाल्कनी तर त्याहून वाईट. उन्हातली अतिनील किरणं नायलॉनचा दम काढतात आणि वाईट म्हणजे ते डोळ्यांना दिसत नाही, कापड छान रंगीत दिसत राहतं आणि आतून कमजोर झालेलं असतं. चादरीच्या भरवशावर राहू नका.

घरातलं आतल्या भिंतीचं कपाट बघा, जिथे दुपारचं ऊन भिंतीवर येत नाही. त्यात खालचा खण नाही, मधला. सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, मी दर पंधरा दिवसांनी मेन बाहेर काढते, हॉलमध्ये पंख्याखाली पसरते, उन्हात नाही, संध्याकाळी परत पॅक करते, त्यात पॅकिंगची प्रॅक्टिसही होते. त्या दिवशी घरात कोणी चपला घालून फिरत नाही आणि चहाचा कप हॉलमध्ये येत नाही, हा नियम आता आमच्या शेजारच्या काकूंनाही पाठ झालाय.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कोणी सांगत नाही, इन्व्हर्टरची बॅटरी. नागपुरात घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि तो बहुतेक वेळा जिन्याखाली नाहीतर त्याच कोपऱ्यात असतो जिथे आपण बॅगा टाकतो. बॅटरीतलं ॲसिड नायलॉनला जाळतं, एक थेंब पडलेला पट्टा दिसायला जरा पिवळट दिसेल पण तो पट्टा गेला समजा. बाथरूम साफ करायच्या ॲसिडचंही तेच. मी एकदा माझी रीग इन्व्हर्टरच्या ट्रॉलीला टेकवून ठेवलेली आईला दिसली, तिला स्कायडायव्हिंगमधलं तेव्हा काही कळत नव्हतं पण ॲसिडनं तिची एक चांगली साडी गेली होती, तिनं ओरडून ती उचलायला लावली. ती बरोबर होती. गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवायची नाही हे तर सांगायलाच नको. छत्रीच्या दोऱ्या बांधायचे रबरबँड उष्णतेनं चिकट होतात आणि मग तुटतात, नवीन पाकीट स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि क्लोजिंग लूपला, म्हणजे कंटेनर बंद ठेवणाऱ्या दोरीला, जरा जरी केस निघालेले दिसले तरी बदला. दोन रुपयांची दोरी आहे ती, पण झिजलेला लूप म्हणजे विमानाच्या दारातच कंटेनर उघडायची भीती.

सेकंडहँड आहे म्हणता तर तीन तारखा वहीत लिहून ठेवा: कंटेनर आणि रिझर्व्ह कधी बनले, रिझर्व्ह शेवटचं कधी पॅक झालं, एएडी (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) कधी बनलं. अमेरिकेत रिझर्व्ह 180 दिवसांनी रिगरकडून, म्हणजे रीग तपासून पॅक करणाऱ्या जाणकाराकडून, पुन्हा पॅक करावं लागतं (2008 पर्यंत 120 दिवस होते), तुम्ही जिथे जंप करता तिथला नियम विचारून घ्या. एएडीला आयुष्य असतं, नवीन सायप्रेसला साडेपंधरा वर्षं, व्हिजिलला वीस. विकणाऱ्यानं स्वस्तात दिली म्हणजे बहुतेक वेळा यातली एखादी तारीख जवळ आलेली असते, त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण तो खर्च तुमचा आहे हे आधी माहीत पाहिजे.

मुलगी 19 वर्षांची, इंजिनिअरिंगला. वाढदिवसाला उज्जैनला जाऊन टँडम जंप, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी, पाहिजे म्हणते. तिच्या बाबांनी सरळ नाही म्हटलं, आता घरात आठ दिवस अबोला. मला कळत नाही कोणाची बाजू घेऊ. खरंच किती धोका असतो?
— एक आई, प्रतापनगर

ताई, "काही होत नाही हो" असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही आणि तुम्ही आई आहात, तुम्हाला खरं कळायला हवं. अमेरिकेत सगळ्यात जास्त जंप होतात आणि त्यांची संघटना दरवर्षी हिशेब छापते. 2023 मध्ये तिथे साधारण साडेछत्तीस लाख जंप झाल्या आणि 10 मृत्यू झाले. हा आकडा सगळ्या प्रकारच्या जंपचा आहे, त्यात अनुभवी लोकांनी छोट्या वेगवान कॅनॉपीवर जमिनीजवळ केलेली वळणं पण आली, ज्यात बरेच अपघात होतात. टँडमला धोका त्याहून कमी.

पण तो आकडा तिथला आहे. म्हणून तिच्या बाबांना सोबत बसवा आणि तिघांनी मिळून बुकिंगवाल्यांना फोन लावा. इन्स्ट्रक्टरचं टँडम रेटिंग कोणाचं आहे आणि त्याच्या जंप किती झाल्यात हे विचारा (अमेरिकेत टँडम रेटिंगला किमान 500 जंप आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, तेवढं तरी असावं). टँडम रीगमध्ये एएडी आहे का? ते म्हणजे छोटा कॉम्प्युटर, माणसानं काहीच केलं नाही तर टँडममध्ये जमिनीपासून साधारण दोन हजार फुटांवर रिझर्व्ह स्वतःच उघडतं. रिझर्व्ह शेवटचं कधी पॅक केलं? मुलीचं वजन सांगा, मर्यादा विचारा. आणि शेवटचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: वारा जास्त असला तर तुम्ही काय करता, पैसे परत की पुढची तारीख? जो माणूस हे उत्तर शांतपणे, कंटाळल्यासारखं देतो, म्हणजे त्यांच्याकडे जंप रोजच रद्द होतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही, तिथे मुलीला पाठवा. "अहो ताई, आपल्याकडे वाऱ्याचा काही प्रॉब्लेमच नसतो" म्हणाला तर फोन ठेवा.

बाबांना हे पण सांगा की टँडममध्ये मुलीला काहीच चालवायचं नसतं. बाहेर पडल्यावर आधी एक छोटी छत्री निघते जी दोघांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास ठेवते, मग साधारण पाच हजार फुटांवर मोठी उघडते, ती बिघडली तर दुसरी आहेच. आणि तुम्ही दोघं जा सोबत. तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घ्या, डीझेडवर थांबावं फार लागतं. अबोल्यातच जाऊ दिलं तर ती पुढच्या वेळी न सांगता जाईल, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मी 31 जंप केल्या, सगळ्या थायलंडला, फेब्रुवारीत. आता पुढची ट्रिप डिसेंबरमध्ये. मधे एवढी गॅप पडते तर इथे नागपुरात बसून काय करता येईल? का सरळ जाऊन सुरू करून देऊ?
— वर्धा रोडहून

सरळ जाऊन सुरू नका करू. या प्रश्नासाठी मी जागा जास्त घेणार आहे, कारण आपल्यासारख्या लोकांचा, ज्यांचा ड्रॉपझोन हजार-दोन हजार किलोमीटर लांब आहे, खरा प्रश्न हाच आहे.

अमेरिकन संघटनेची शिफारस अशी की ए लायसन्सवाला (ही पहिली पायरी, पुढे बी, सी, डी) 60 दिवस जंपला नसेल तर त्यानं इन्स्ट्रक्टरसोबत रिफ्रेशर करूनच पुढे जावं. बी ला 90 दिवस, सी आणि डी ला सहा महिने. तुमची गॅप दहा महिन्यांची. मला पण आधी हा नियम अपमानासारखा वाटायचा, एवढे पैसे खर्चून लायसन्स काढलं आणि परत शाळेत बसायचं म्हणजे काय.

माझी 63वी जंप होती. पाच महिन्यांची गॅप. मॅनिफेस्टवर, म्हणजे विमानात कोण बसणार याची यादी करतात तिथे, मुलीनं विचारलं शेवटची जंप कधी, मी म्हटलं "रिसेंटली". एवढा एकच शब्द. तिनं खूण केली आणि मी विमानात बसले. साडेचार हजार फुटांवर छत्री उघडायला ओढलं, कॅनॉपी उघडली पण दोऱ्यांना पीळ, तीन-चार वळसे, आणि ती गोल फिरायला लागली. रायझर (खांद्यांवरून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) धरून पाय झाडायचे, पीळ सुटतो, हे मला येत होतं, मी तेच करत राहिले. एक वळसा सुटला, मला वाटलं आता होतंय, अजून एक सुटेल. अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, बघितला तर 2300 फूट. माझी निर्णयाची उंची, म्हणजे बिघडलेली छत्री सोडून द्यायची शेवटची उंची, 2500 होती, ती कधी गेली मला कळलंच नाही. फिरत्या कॅनॉपीखाली उंची पाण्यासारखी जाते. मग उजवा हात छातीवर नेला तर मेन सोडून द्यायचं लाल हँडल हाताला लागेना, कारण फिरण्यात हार्नेस सरकतो आणि मी बघितलंच नव्हतं, नुसतं चाचपत होते. मान खाली घातली, दिसलं, ओढलं. वेल्क्रो सुटल्याचा चर्रकन आवाज अजून कानात आहे. रिझर्व्ह लगेच उघडलं. माझं मेन दुसऱ्या दिवशी दुपारी एका शेतकऱ्याला कसाव्याच्या शेतात सापडलं, तेच पीक ज्याचा आपला साबुदाणा होतो. चूक सगळी माझी होती, कोणाची नाही.

त्यानंतर घरी आल्यावर मी जे सुरू केलं ते सांगते. आमच्या जुन्या घरात हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत, स्लॅब टाकताना सळईला बांधलेल्या. एका रिगरकडून मी जुना, कंटेनर नसलेला हार्नेस आणला, त्याला कड्यांवरून पट्ट्यांनी टांगलं (पंख्याच्या हुकला टांगू नका, तो हुक माणसासाठी नसतो, आणि कड्या असल्या तरी आधी दोन माणसांनी बसून झोके घेऊन बघा). उजव्या बाजूला वेल्क्रो लावून लाल कापडाची उशीसारखी घडी शिवून घेतली, गांधीबागेतून आणलेल्या पट्ट्यातून. डाव्या बाजूला, रिझर्व्हच्या चंदेरी हँडलच्या जागी, किल्ल्यांच्या जुडग्याची स्टीलची कडी. खऱ्या रीगचं रिझर्व्हचं हँडल घरी प्रॅक्टिसला ओढायचं नाही, नाहीतर तुमचं रिझर्व्ह हॉलमध्ये उघडेल आणि रिगरचा खर्च वेगळा.

आई स्वयंपाकघरातून ओरडते. आधी मी तिला कागदावर लिहून दिलं होतं, आता तिला पाठ आहे. "वळसा!", मी पाय झाडते, अल्टिमीटर बघते, दोन वेळा झाडून नाही सुटलं तर कटअवे, म्हणजे मेन सोडून देऊन रिझर्व्ह उघडणं. "काहीच नाही निघालं!" "दोन छत्र्या!" प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि ते तुमच्या इन्स्ट्रक्टरनं शिकवलेलंच द्यायचं, माझं ऐकून नाही. कटअवेचा क्रम मात्र तोंडानं म्हणायचा: लाल बघ, लाल पकड, चंदेरी बघ, चंदेरी पकड, लाल ओढ, चंदेरी ओढ. "बघ" हा शब्द दोनदा येतो, तो गाळला की 63वी जंप होते. हात पूर्ण लांब होईस्तोवर ओढायचं. आणि वेळ मोजायची. तीन हजार फुटांवर काहीच निघालं नाही तर त्या वेगानं जमीन जेमतेम सोळा सेकंदांवर आहे. सोळा सेकंद म्हणजे किती ते एकदा मोबाईल लावून बघा, तेवढ्यात आमच्याकडे कुकरची एक शिट्टीसुद्धा पूर्ण होत नाही.

घरी कड्या नसतील तर हार्नेस घालून उभं राहून, पलंगावर पालथं पडून कमान करून, कसंही करा पण आठवड्यातून दोनदा करा. पॅकिंग महिन्यातून दोनदा. शरीराची पोझिशन बिघडली वाटत असेल तर हैदराबादला आता इनडोअर टनेल आहे, रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता, दहा-पंधरा मिनिटांत बरंच परत येतं. टनेल कॅनॉपी शिकवत नाही एवढं लक्षात असू द्या. कॅनॉपीसाठी कागदावर लँडिंगचा नकाशा काढा, वारा इकडून असेल तर हजार फुटांवर कुठे, सहाशेला कुठे वळायचं, तीनशेला सरळ. वाऱ्याची दिशा बदलून परत काढा.

डिसेंबरमध्ये गेल्यावर मॅनिफेस्टवर आकडा सांगा. "दहा महिने." त्यांच्याकडून मोठी कॅनॉपी भाड्यानं घ्या, पहिली जंप इन्स्ट्रक्टरसोबत, छत्री नेहमीपेक्षा जास्त उंचीवर उघडा, आणि पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये घुसू नका. पुढे कधी एप्रिल-मेमध्ये हरियाणातल्या नारनौलच्या ड्रॉपझोनकडे गेलात तर हेही आठवा की तापलेली हवा विरळ असते, तीच कॅनॉपी जमिनीजवळ जास्त वेगात येते. जानेवारीच्या सवयीनं फ्लेअर (उतरताना दोन्ही हात खाली ओढून वेग मोडणं) मारलात तर गुडघ्यांवर जाल.

ट्रेननं दिल्लीपर्यंत रीग नेताना काय काळजी घेऊ? आणि विमानतळावर सिक्युरिटी अडवते का?
— सोमलवाडा

ट्रेनमध्ये बर्थखाली ठेवू नका, सकाळी फिनाइलचा पोछा तिथूनच फिरतो. आतल्या बाजूला बर्थवर, डोक्याशी, साध्या काळ्या बॅगेत. साखळी लावायची तर बॅगेला, हार्नेसच्या पट्ट्यातून नाही. विमानात हातातच घ्या, चेकइनला टाकू नका. एक्स-रेनं एएडीला काही होत नाही, स्क्रीनवर त्यांना वायर आणि छोटा डबा दिसतो म्हणून थांबवतात, एएडीचं माहितीचं कार्ड सोबत ठेवा आणि शांतपणे समजावा. बॅग उघडायला सांगितली तर उघडा, पण हँडल ओढू नका म्हणून आधीच हात जोडून सांगा. रीगवर हुक नाइफ असतो तो आधीच काढून चेकइन बॅगेत, हे लोक हमखास विसरतात.

आमच्याकडे कोणी दारू पित नाही. पण डीझेडवर प्रत्येक "पहिल्या"ला बिअर मागतात, पहिली सोलो, पहिला कटअवे. नाही म्हटलं तर वाईट दिसतं का?
— इतवारी

नाही दिसत. रीत खाऊ-पिऊ घालायची आहे, बाटलीची नाही. माझ्या कटअवेनंतर रिझर्व्ह पॅक केलेल्या रिगरला बाटली द्यायची पद्धत असते, मी त्याला संत्रा बर्फीचा एक किलोचा डबा दिला. त्यानं तो हँगरमध्ये सगळ्यांना वाटला आणि पुढच्या वर्षी मला बघताच पहिला प्रश्न बर्फीचाच होता. देताना मात्र मनापासून द्या, त्या माणसानं घडी नीट घातली म्हणून आपण हे पत्र वाचून राहिलोत.

माझी हेल्थ पॉलिसी आहे आणि ऑफिसची ग्रुप पॉलिसी पण. जंपमध्ये पाय मोडला तर मिळेल का?
— आयटी पार्क, परसोडी

पॉलिसीच्या कागदात एक्सक्ल्यूजनची यादी काढा आणि कोड 09 बघा. विमा नियामकानं हा मजकूर सगळ्या हेल्थ पॉलिसींसाठी सारखा ठरवून दिलाय: धोकादायक किंवा साहसी खेळात "प्रोफेशनल" म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार वगळले आहेत, आणि यादीत पॅरा-जंपिंग आणि स्काय डायव्हिंग दोन्ही शब्द आहेत. त्यातला प्रोफेशनल हा शब्द तुमच्या कामाचा आहे. हौशीनं, पैसे देऊन जंप करणारा प्रोफेशनल होत नाही. पण टँडम इन्स्ट्रक्टर किंवा पगारी कॅमेरामन असाल तर गोष्ट वेगळी. एजंट फोनवर "हो सर, कव्हर्ड आहे" म्हणेल, त्याच्यावर नका जाऊ, कंपनीला ईमेल करा, हौशी म्हणून स्कायडायव्हिंग करतो, अपघात झाला तर हॉस्पिटल खर्च मिळेल का, आणि उत्तर जपून ठेवा.

पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीची भाषा वेगळी असते, तिच्यात बरेचदा प्रोफेशनल शब्दच नसतो, साहसी खेळ सरसकट बाहेर. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्येही ॲडव्हेंचरचा जोड घ्यावा लागतो, त्यात टँडम चालतं आणि सोलो नाही असं पण असतं, ओळ न ओळ वाचा. टर्म प्लॅनच्या फॉर्मवर धोकादायक छंद विचारतात तिथे खरं लिहा, हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. घरच्यांना नंतर क्लेमसाठी पायपीट करायला लावण्यापेक्षा ते बरं.

वय 29, सरकारी नोकरी, 54 जंप. दोन स्थळांनी बायोडाटात स्कायडायव्हिंग वाचून नकार दिला. आई म्हणते छंदात "वाचन" लिही. काय करू?
— हिंगणा

आईंना वाईट वाटलं असेल, त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे, पण लिहू नका. लग्नानंतर डिसेंबरमध्ये बॅग भरायला घेतली की कळणारच, आणि मग खोटं बोलल्याचा राग जंपच्या भीतीवर चढतो.

मी एवढंच सुचवीन की एक शब्द लिहिण्याऐवजी पूर्ण लिहा. "वर्षातून एकदा दहा दिवस स्कायडायव्हिंग, लायसन्सधारक." नुसतं स्कायडायव्हिंग वाचून लोकांच्या डोळ्यापुढे बेफिकीर माणूस येतो. भेटायला गेलात तर लॉगबुक न्या. त्यात प्रत्येक जंपची तारीख, उंची, वारा, काय चुकलं ते लिहिलेलं असतं, ते बघून मुलीच्या वडिलांना कळतं की हा माणूस हिशेबानं वागतो. आणि मुलगी जो प्रश्न मनात धरून असते त्याचं उत्तर तिनं न विचारता द्या: वर्षाला किती पैसे जातात, मूल झाल्यावर काय विचार आहे. माझ्या ओळखीत एका जोडप्यानं ठरवलंय की मूल दोन वर्षांचं होईस्तोवर दोघंही जंप करणार नाहीत. दुसऱ्या घरात असं काही ठरलेलं नाही आणि त्यांचंही चांगलं चाललंय. उत्तर कोणतंही असो, आधी बोललेलं असावं.

27 जंप झाल्या. हेल्मेटवर गोप्रो लावू देत नाहीत. एक रील पण नको का?
— धंतोली

नको. 200 जंपनंतर. कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये दोरी अडकू शकते हा एक भाग झाला, पण त्याहून मोठा भाग म्हणजे डोकं. कॅमेरा लागला की माणूस फ्रेमचा विचार करतो, उंचीचा नाही, आणि 27व्या जंपला तुमचा सगळा विचार उंचीला लागतो. व्हिडिओ पाहिजे तर 200 च्या वरच्या कोणाला विनंती करा, त्यांच्या जंपचे पैसे तुम्ही भरा, रील छान येईल.

मी 64 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. बीपीची गोळी सुरू आहे, एक गुडघा दुखतो. नातू म्हणतो आजी तुझ्यानं नाही होणार. होईल का? आणि नऊवारी नेसून केलं तर? पुण्याच्या शीतल महाजन यांनी केल्याचं वाचलं होतं.
— धरमपेठ

मॅडम, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. वय आडवं येत नाही, टेक्सासच्या आल्फ्रेड ब्लाश्के यांनी 2023 मध्ये 106 वर्षांचे असताना टँडम केलंय. बीपी गोळीनं ताब्यात असेल आणि तुमचे डॉक्टर लेखी हो म्हणत असतील तर बघा. डॉक्टरांना नुसतं "जंप" सांगू नका, दहा हजार फुटांवर उघड्या दाराचं विमान, तिथे गारठा असतो, उघडताना झटका बसतो, असं सगळं सांगा म्हणजे ते नीट विचार करून बोलतील.

गुडघ्याचं असं, टँडम बसून उतरतात. इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा दोन्ही पाय समोर वर उचलून धरायचे, त्याचे पाय किंवा त्याची बैठक आधी जमिनीला लागते. पाय खाली राहिले तर तुमच्या गुडघ्याला मार. म्हणून आत्तापासून पलंगाच्या कडेला बसून, हातांनी मांड्यांखाली धरून दोन्ही पाय सरळ उचलायचे आणि दहा मोजेस्तोवर धरायचे, रोज सकाळी पाच वेळा. महिन्यानं जमत नसेल तर मी तुम्हाला जाऊ नका म्हणेन, आणि तसं मला कळवा, लपवू नका.

शीतलताईंनी 2018 मध्ये थायलंडच्या पट्टायाला नऊवारीत उडी मारली होती हे अगदी खरं, पण तेव्हा त्यांच्या गाठीशी शेकडो जंप होत्या आणि साडी जागोजागी पक्की केलेली होती. सुटा पदर हँडलवर आला तर इन्स्ट्रक्टरला हँडल दिसणार नाही. तुम्ही ट्रॅक पँट आणि बूट घाला, चष्मा असेल तर चष्म्यावरचा गॉगल मागून घ्या. नऊवारी उतरल्यावर फोटोला नेसा. सर्दी असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका, खाली येताना कान असे दुखतात की सगळा आनंद जातो.

मी नववीत आहे. वायुसेनानगरच्या एअर शोमध्ये आकाशगंगा टीम पाहिली, तिरंगा घेऊन उतरले. नागपुरात शिकता येईल का? आणि इथे ड्रॉपझोन का नाही?
— कामठी

ड्रॉपझोनला विमान लागतं, मोठं मोकळं मैदान लागतं, आणि मुख्य म्हणजे वरचं आकाश रिकामं लागतं. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातात, रात्री गच्चीवर झोपून मोजून बघ किती दिवे जातात. रोज जंपसाठी तेरा हजार फुटांपर्यंतची जागा मोकळी मागायची म्हणजे विमानतळाच्या लोकांशी मिनिटामिनिटाचा ताळमेळ. लांब एखाद्या छोट्या धावपट्टीवर ते होऊ शकतं. 2022 मध्ये केंद्रानं हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण आणलं त्यात स्कायडायव्हिंग आहे, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही.

तुझं सांगते. आकाशगंगा ही हवाईदलाची टीम, 1987 पासून आहे, त्यांचं शिक्षण आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये होतं. तुझ्या शाळेत एनसीसी असेल तर आत्ताच नाव घाल. पुढे कॉलेजमध्ये सीनियर कॅडेट झालीस की त्यातल्या निवडक मुलामुलींना त्याच आग्र्याला पॅरा कोर्सला पाठवतात, पैसे लागत नाहीत, पण निवड कडक असते आणि धावणं बघतात. सिव्हिलमध्ये सोलो शिकायला बहुतेक ठिकाणी 18 पूर्ण लागतात. तुझ्याकडे चार वर्षं आहेत. रोज सकाळी ऊन चढायच्या आत पळायला लाग, आणि पुढचा एअर शो आला की छत्र्या उघडताना नाही, उतरताना बघ. शेवटच्या तीनशे फुटांत ते कुठून वळतात, पाय कधी एकत्र आणतात, दोन्ही हात कधी खाली ओढतात. जे दिसलं ते चित्र काढून मला पाठव.